समुद्राच्या पोटातले धन कुणाचे?

'ज्याच्या हाती ससा तो पारधी' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ससा कुणी उठवला, त्याच्यामागे कोण धावले, हे कुणी विचारत नाही. शेवटी ज्याच्या हातात तो सापडला, तोच पारधी म्हणवला जातो.

पण ही म्हण नेहमीच खरी ठरते का? समजा, तुमचा बैल रात्री विहिरीत पडला. शेजारच्या गावच्या चौघांनी दोर लावून त्याला वर काढला. मग तो बैल त्यांचा झाला का? नाही. बैल तुमचाच. पण त्या चौघांना काही तरी मेहनताना द्यावा, हेही तितकेच खरे. त्यांनी जीव धोक्यात घातला म्हणून तुमचा बैल वाचला.

आता विहिरीऐवजी समुद्र घ्या आणि बैलाऐवजी चांदीने भरलेले जहाज घ्या. जहाज बुडून दोनशे वर्षे झाली. धनी मेला, त्याची मुले-नातवंडेही गेली. कुणी तरी हिकमतीने ती चांदी वर काढली. मग ती चांदी कुणाची? काढणाऱ्याची, जुन्या धन्याच्या वंशजांची, की सरकारची?

या प्रश्नावर मोठमोठे खटले झाले आहेत. त्यांतल्या दोन जहाजांची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत. ती वाचली म्हणजे आपल्या शेतात जुन्या नाण्यांचा हंडा लागला तर काय करावे, हेही आपोआप समजेल.

मर्सेडीस जहाज कसे बुडाले

दक्षिण अमेरिका नावाचा एक मोठा खंड आहे. तेथल्या बऱ्याच मुलखावर पूर्वी स्पेन देशाचे राज्य होते. तेथल्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या. पोतोसी नावाचा डोंगर तर चांदीसाठी जगभर गाजला होता. तेथले मूळ रहिवासी या खाणीत राबत. पुष्कळांना सक्तीने कामावर आणले जाई. चांदी निघे, तिची नाणी पाडली जात आणि जहाजे भरभरून ती स्पेनला जात.

१८०४ साली अशीच चार जहाजे स्पेनकडे निघाली. ती स्पेनच्या आरमाराची जहाजे होती. त्यांतल्या एकाचे नाव 'मर्सेडीस'. तिच्यावर तोफा होत्या, सैनिक होते, आणि चांदीच्या नाण्यांच्या राशी होत्या. काही नाणी सरकारची होती. पण बरीचशी व्यापाऱ्यांची होती. त्यांनी ती विश्वासाने सरकारी जहाजावर ठेवली होती. जहाजावर बायका-मुलेही होती. नोकरी संपवून काही कुटुंबे मायदेशी परतत होती.

५ ऑक्टोबर १८०४ चा दिवस. स्पेनचा किनारा आता जवळ आला होता. इतक्यात इंग्रजांची चार लढाऊ जहाजे आडवी आली. त्या वेळी इंग्लंड आणि स्पेन यांच्यात युद्ध नव्हते. पण इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते. ही चांदी फ्रान्सच्या नेपोलियनला मिळेल, अशी इंग्रजांना भीती होती. त्यांनी स्पॅनिश जहाजांना सांगितले, 'आमच्याबरोबर इंग्लंडला चला.' स्पॅनिश सेनापतीने ते मानले नाही. तोफा सुरू झाल्या.

थोड्याच वेळात मर्सेडीसच्या दारूकोठाराचा स्फोट झाला. जहाजाच्या चिंधड्या उडाल्या. सुमारे २५० माणसे मेली. फक्त पन्नासेक जण वाचले. उरलेली तीन जहाजे इंग्रजांनी धरून नेली.

त्या तिघांपैकी एका जहाजावर दिएगो दे आल्व्हेआर नावाचा अधिकारी होता. त्याचा थोरला मुलगा त्याच्याजवळ होता. त्याची बायको आणि बाकीची मुले मात्र मर्सेडीसवर होती. ती सगळी बाप-लेकाच्या डोळ्यांदेखत गेली. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कारण पुढे खटला चालला, तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त चांदी होती. पण ते जहाज म्हणजे अडीचशे माणसांची कबर होती, हेही विसरून चालणार नाही.

दोनशे वर्षांनंतर

पुढे ती जागा कुणाला नक्की ठाऊक राहिली नाही. तेथे समुद्र सुमारे ११०० मीटर खोल आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईचा दोन-तृतीयांश डोंगर पाण्यात बुडेल, इतकी ती खोली झाली. तेथे पाणबुड्या माणूस उतरू शकत नाही. पाण्याच्या दाबाने त्याचा चेंदामेंदा होईल.

पण आता यंत्रे आली आहेत. जहाजावर बसून माणूस दोरीने बांधलेले यंत्र खाली सोडतो. यंत्राला दिवे असतात, डोळ्यासारखा कॅमेरा असतो आणि हातासारखे चिमटे असतात. वर बसलेला माणूस पडद्यावर बघून खालची वस्तू उचलतो.

अमेरिकेत ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन नावाची एक कंपनी होती. बुडालेली जहाजे शोधून त्यांतला माल काढणे हा तिचा धंदा. २००७ साली या कंपनीने जाहीर केले की, अटलांटिक महासागरात आम्हांला मोठे घबाड सापडले आहे. सुमारे ५,९४,००० नाणी! जवळजवळ सगळी चांदीची, थोडी सोन्याची. वजन सुमारे १७ टन. एक टन म्हणजे दहा क्विंटल. तेव्हा हे झाले १७० क्विंटल. ज्वारीची १७० पोती डोळ्यांपुढे आणा आणि त्यांत ज्वारीऐवजी नाणी आहेत असे समजा.

कंपनीने जहाजाचे खरे नाव सांगितले नाही. त्या शोधाला 'काळा हंस' असे टोपणनाव दिले. नाणी विमानाने अमेरिकेत नेली. मग कंपनी तेथल्या न्यायालयात गेली आणि म्हणाली, 'हे धन आम्ही काढले. याचा हक्क आम्हांला द्या.'

स्पेनच्या सरकारला ही बातमी समजली. स्पेनने त्याच न्यायालयात धाव घेतली. म्हणाले, 'थांबा! ते जहाज आमचे आहे.'

कोण काय म्हणाले

कंपनीचे म्हणणे असे. समुद्राचा हा भाग कुठल्याच देशाच्या हद्दीत येत नाही. हे जहाज मर्सेडीसच आहे, हे ठाम सांगता येत नाही. आणि असले तरी त्या फेरीत ते व्यापाऱ्यांचा माल वाहत होते. म्हणजे ते लढाईचे जहाज नव्हे, माल वाहणारे जहाज झाले. दोनशे वर्षे स्पेनने त्याच्याकडे पाहिले नाही. आम्ही पैसा घातला, कष्ट केले.

स्पेनचे म्हणणे असे. सापडलेल्या नाण्यांत १८०४ नंतरचे एकही नाणे नाही. तोफा आमच्या आहेत. जागा तीच आहे. हे आमच्या आरमाराचे जहाज आहे. ते आम्ही कधी विकले नाही आणि सोडूनही दिले नाही. त्यात आमची माणसे मेली आहेत.

तिसरा दावा पेरू देशाचा होता. पेरू म्हणाला, 'त्या वेळी आम्ही स्पेनच्या राज्यात होतो. पण चांदी आमच्या बाजूच्या डोंगरांतली आणि नाणी आमच्या लिमा शहराच्या टांकसाळीतली. मग ती स्पेनची कशी?'

चौथा दावा जहाजावर माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वंशजांचा. ते म्हणाले, 'आमच्या पणजोबांच्याही पणजोबांचा पैसा यात आहे.'

बघा, एका हंड्याला चार वारस!

न्यायालयाने काय ठरवले

खालच्या न्यायालयाने २००९ साली निकाल दिला. कंपनीने अपील केले. वरच्या न्यायालयाने २०११ साली तोच निकाल कायम केला. २०१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल थांबवायला नकार दिला.

निकाल असा. हे जहाज मर्सेडीसच आहे. ते स्पेनच्या आरमाराचे आहे. एका देशाची सरकारी मालमत्ता दुसऱ्या देशाचे न्यायालय जप्त करू शकत नाही. तेव्हा या धनाचे वाटप करण्याचा आम्हांला अधिकारच नाही. जे स्पेनच्या जहाजातून काढले, ते स्पेनच्या हवाली करा.

लढाऊ जहाजाला वेगळा न्याय का, असे तुम्ही विचाराल. लढाऊ जहाज म्हणजे त्या देशाची चालती-फिरती कचेरी असते. आपल्या तालुक्याची कचेरी पुरात पडली, म्हणून तिची जागा आणि दप्तर पहिल्या येणाऱ्याचे होत नाही. तसेच हे. जहाज बुडाले तरी देशाची मालकी बुडत नाही. देशाने स्वतः ती सोडून द्यावी लागते.

मग व्यापाऱ्यांचा माल? न्यायालय म्हणाले, माल आणि जहाज यांची येथे फारकत करता येत नाही. माल त्या जहाजाच्या आसऱ्याला होता. जहाजाला जे संरक्षण, तेच मालाला. पेरूच्या दाव्यावर न्यायालय म्हणाले, हे दोन देशांमधले भांडण आहे. ते सोडवणे आमचे काम नव्हे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये स्पेनच्या लष्कराची दोन विमाने अमेरिकेत आली आणि सगळी नाणी घेऊन गेली. कंपनीला त्यांतले एकही नाणे मिळाले नाही. शोधाचा खर्च आणि वकिलांचा खर्च तिच्या अंगावर पडला.

स्पेनने ती नाणी विकली नाहीत. कार्ताहेना या शहरात समुद्रातल्या जुन्या वस्तूंचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथे ती ठेवली. तेथे कुणीही जाऊन ती पाहू शकतो.

हा निकाल कायद्याला धरून झाला. तरी आमच्या मनात एक गोष्ट राहते. पोतोसीच्या खाणीत ज्यांनी पाठीवरून ती चांदी वाहिली, त्यांचे नाव या खटल्यात कुठेच आले नाही. कायद्याने एक प्रश्न सुटला, पण पेरूने विचारलेला प्रश्न तसाच उरला.

दुसरे जहाज: गेरसप्पा

आता दुसरी हकिगत ऐका. हिचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे.

जोगचा धबधबा तुम्ही ऐकला असेल. त्यालाच गेरसप्पाचा धबधबा असेही म्हणतात. त्याच नावाचे एक मालवाहू जहाज होते. डिसेंबर १९४० मध्ये ते कलकत्त्याहून इंग्लंडला निघाले. दुसरे महायुद्ध चालू होते. जहाजावर चहा होता, बिडाचे लोखंड होते आणि चांदीच्या लगडी होत्या. खलाशांत बहुतेक आपली हिंदी माणसे होती.

आफ्रिकेला वळसा घालून ते अटलांटिक महासागरात आले. वाटेत वादळ लागले. कोळसा संपत आला. म्हणून ते बाकीच्या जहाजांची सोबत सोडून आयर्लंडच्या बंदराकडे वळले. १७ फेब्रुवारी १९४१ रोजी जर्मन पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला आणि ते बुडाले. जहाजावर ऐंशीहून अधिक माणसे होती. काही जण होडीत चढले. थंडी, तहान आणि भूक यांनी एकेक जण दगावला. तेरा दिवसांनी होडी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. शेवटी एकच माणूस वाचला.

या चांदीचा युद्धाच्या धोक्याबद्दल विमा उतरलेला होता. विमा इंग्लंडच्या सरकारने घेतला होता. चांदी बुडाल्यावर सरकारने विम्याचे पैसे मूळ धन्याला चुकते केले. धन्याला पैसे मिळाले, तेव्हा त्याचा हक्क संपला. चांदी कधी सापडलीच, तर ती सरकारची. विम्याचा हा नियम लक्षात ठेवा.

चांदी ४७०० मीटर खोल होती. कळसूबाईसारखे जवळजवळ तीन डोंगर एकावर एक रचले, तर एवढी खोली होईल. काढायची कुणी? २०१० साली इंग्लंडच्या सरकारने करार करून हे काम एका कंपनीला दिले. कंपनी कोणती? तीच, ओडिसी!

करार असा होता. शोधाचा धोका कंपनीचा. काही सापडले नाही, तर सरकार काही देणार नाही. सापडले, तर खर्च वजा जाऊन उरलेल्यांतले शंभरांतले ऐंशी कंपनीचे आणि वीस सरकारचे.

२०११ साली जहाज सापडले. २०१२ आणि २०१३ या दोन सालांत मिळून २,७९२ लगडी वर आल्या. वजन सुमारे ११० टन. करारातल्या वाट्याप्रमाणे वाटणी झाली. खटला नाही, भांडण नाही.

आता दोन्ही हकिगती शेजारी ठेवून पाहा. कंपनी एकच. यंत्रेही त्याच धर्तीची. एकीकडे धन्याला न विचारता माल उचलला आणि हाती धुपाटणे आले. दुसरीकडे आधी विचारले, कागद केला, आणि ऐंशी टक्के वाटा मिळाला. सरकार काही प्रत्येक वेळी सगळे गिळत नाही. पण आधी विचारावे लागते.

गेरसप्पा जहाजातून चांदीबरोबर आणखी एक वस्तू निघाली. सातशेहून अधिक पत्रे! हिंदुस्थानात असलेल्या माणसांनी आपल्या घरच्यांना लिहिलेली. गाळाखाली उजेड नव्हता आणि हवाही नव्हती. म्हणून सत्तर वर्षे कागद टिकला. २०१८ साली लंडनच्या टपाल संग्रहालयात ती पत्रे लोकांना पाहायला ठेवली. ही पत्रे लिहिणारे आपल्या घरच्यांच्या उत्तराची वाट पाहत असतील. ते उत्तर कधीच आले नाही. तुम्ही आता लिहाय-वाचायला शिकला आहात. पत्राची किंमत तुम्हांला सांगायला नको. चांदी वितळली तर पुन्हा चांदीच राहते. ते पत्र एकदा फाटले की गेले. सरकारने आणि संग्रहालयांनी अशा वस्तूंवर लक्ष ठेवावे, याचे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या गावात काय?

समुद्र आमच्यापासून लांब आहे, असे पुष्कळ जण म्हणतील. पण जमीन तर पायाखालीच आहे ना? नांगराच्या फाळाला हंडा लागतो. जुन्या वाड्याचा पाया खणताना नाणी निघतात. त्यासाठी आपल्या देशात १८७८ सालचा कायदा आहे. त्याला निखात निधीचा कायदा म्हणतात. निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेले धन.

हा कायदा काय सांगतो, ते पाहू.

दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवावे. काय सापडले, किती सापडले, कुठे सापडले आणि कोणत्या दिवशी सापडले, हे लिहावे. धन जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करावे, किंवा मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यावा.

मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतो. कुणाचा हक्क असेल, त्याने अमुक दिवशी यावे. ती तारीख नोटिशीपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे नसते. कुणी शंभर वर्षांच्या आत ते धन पुरले असेल आणि त्याचा वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी न्यायालयात हक्क शाबीत करायला वेळ मिळतो.

धन बेवारशी ठरले, तर? जमीन दुसऱ्याची असेल आणि आपसांत वेगळा ठराव नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. म्हणजे मजुराच्या कुदळीला हंडा लागला, तर रुपयातले बारा आणे मजुराचे आणि चार आणे मालकाचे! हे पुष्कळांना ठाऊकच नसते. सरकारला ते धन संग्रहासाठी हवे असेल, तर सरकार घेऊ शकते. पण फुकट नाही. सोन्याचांदीची जी किंमत होईल ती, आणि वर तिचा पाचवा हिस्सा, इतके पैसे द्यावे लागतात.

आणि लपवले तर? सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मालकाने लपवायला मदत केली, तर त्यालाही शिक्षा आहे.

काही जण रात्रीच सोनाराकडे धाव घेतात आणि नाणी आटवतात. त्यात त्यांचेच नुकसान होते. सोनार मोड म्हणून कमी भाव देतो. चोरीचा माल आहे हे ओळखून तो आणखी पाडून मागतो. पुढे गावात कुजबूज होते आणि पोलीस दारात येतात. शिवाय नाण्यावर राजाचे नाव असते, सालही असू शकते. त्यावरून आपल्या गावाचा इतिहास कळला असता, तो आटवणीबरोबर गेला.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या भावांसाठी दोन शब्द. बुडालेल्या जहाजाचा माल जाळ्यात आला किंवा वाळूत लागला, तर तो घरी नेऊ नका. १९५८ सालच्या जहाजांच्या कायद्यात यासाठी खास अधिकारी ठेवण्याची तरतूद केली होती. माल त्याच्या हवाली करायचा आणि धन्याने येऊन हक्क सांगायचा, अशी रीत घालून दिली होती. तुम्ही बंदराच्या कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात ताबडतोब वर्दी द्या. पेट्या-पिंपे उघडू तर मुळीच नका. त्यांत विषारी पदार्थही असू शकतो.

कळवताना अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा. तिच्यावर कचेरीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मागा. वस्तू जमा केल्या तर त्यांची मोजून पावती घ्या. पावतीत नाण्यांची संख्या आणि वजन लिहिले आहे की नाही, ते स्वतः वाचून पाहा. पूर्वी आपण अंगठा उठवत होतो आणि कागदात काय आहे ते दुसरा सांगत होता. आता तो कागद तुम्ही स्वतः वाचू शकता. तो वाचल्याशिवाय सही करू नका.